पप्पांच्या फोनवरचा फेरफार

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे मला जे येतं ते खरंच येतं की नुसतं येतंय असं वाटतं, हे तपासणारं घरात कुणी नाही. पप्पा सातवीपर्यंत शिकले, आई चौथीपर्यंत. मी संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे एवढं सांगितलं की दोघांच्या दृष्टीने विषय संपतो. मग घरातलं बटण असलेलं काहीही बिघडलं की ते माझ्याकडे येतं.

तसाच पप्पांचा फोन माझ्याकडे आला. "लय रेंगाळतोय गं," ते म्हणाले. "फोन आला की आधी वाजतो, मग दोन मिनिटांनी कुणाचा हाय ते दिसतं."

मी बघितलं तर जागा संपलेली होती. कंपनीने आधीच भरून दिलेले खेळ, खरेदीची ॲप, बातम्यांची ॲप, सगळं आत ठाण मांडून बसलेलं. काढायला गेलं की फक्त 'बंद करा' असं यायचं, 'काढून टाका' येतच नव्हतं. मला त्याचा राग आला. फोन पप्पांनी विकत घेतलेला आणि त्यातलं सामान हलवायची परवानगी त्यांना नाही. त्याच आठवड्यात वर्गात ऑपरेटिंग सिस्टीमचं प्रकरण सुरू झालं होतं. फोनच्या सगळ्यात आतल्या भागाची किल्ली फोन बनवणाऱ्या कंपनीकडेच राहते, आणि ती स्वतःकडे घेण्याला 'रूट करणं' म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. चार हिंदी व्हिडिओ बघितले. दिवाळीच्या सुट्टीआधी, शिरूरला कॉलेजच्या लॅबमध्ये, दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी केबल लावली आणि फोन रूट केला. लॅबच्या मॅडमना विचारलं नाही. पप्पांनाही विचारलं नाही. नको ती सगळी ॲप मुळापासून काढून टाकली.

फोन पळायला लागला. पप्पा खूश झाले. कंपनीच्या बसमध्ये त्यांनी शेजारच्यांना सांगितलं, "पोरीनं केला." फक्त एक गोष्ट बदलली होती. फोन बंद करून सुरू केला की सुरुवातीला काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक सूचना यायची. पप्पांनी विचारलं, "हे काय येतं?"

"ते तसंच असतं," मी म्हणाले.

ते तसंच नसतं. ती सूचना सांगत होती की फोनचं कुलूप उघडलेलं आहे. मला ते माहीत होतं.

काही महिने काहीच झालं नाही. पप्पा रांजणगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला आहेत. आमचं गाव दौंड तालुक्यात, राहूच्या अलीकडे. पप्पा पहाटे मोटरसायकलवर निघतात, भीमेचा पूल ओलांडून न्हावऱ्याला गाडी लावतात आणि तिथून कंपनीची बस धरतात. गेटवर कार्ड लावून हजेरी व्हायची. मग ठेकेदाराने सांगितलं की आता हजेरी फोनवर, ॲपमध्ये चेहरा दाखवून. जुनं कार्ड अजून दोन आठवडे चालेल. तिसऱ्या सोमवारी ज्याच्या फोनवर ॲप चालणार नाही, तो गेटवरून परत जाईल आणि त्याच्या जागी दुसरा माणूस येईल. बाहेर माणसं कायम उभी असतात, हे पप्पांना सांगायची गरज नव्हती.

पहिला आठवडा ॲपचा संदेश येण्यातच गेला. दुसऱ्या आठवड्यात, बुधवारी, मी चारच्या एसटीने घरी आले तर ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर सातबाऱ्याचे उतारे, आठ-अ, जुन्या पावत्या अशी सगळी फाइल पसरलेली, आणि मध्ये पप्पांचा फोन. एका बाजूला पप्पा आणि दुसऱ्या बाजूला आप्पा. आप्पा म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. आमच्या सामायिक जमिनीचं कागदपत्रांचं सगळं तेच बघतात. त्यांच्या पिशवीत कायम एक उतारा असतो.

दोघांचे चेहरे बघून मला वाटलं कुणीतरी गेलं.

"फेरफार झालाय," आई दारातून हळूच म्हणाली.

आप्पा फोन डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचत होते. "अनधिकृत फेरफार आढळला. ह्यो बघ. अनधिकृत. पुढं काय, अधिकृत... हे काय?"

"अपडेट," पप्पा म्हणाले.

"अपडेट स्थापित करता येत नाही. म्हंजी नोंद लावली कुणीतरी. आन् आता आपल्याला काय करता बी येत न्हाई." त्यांनी फोन खाली ठेवला आणि पप्पांकडे बघितलं. "आन् हे तुझ्याच फोनवर कसं आलं? माझ्या न्हाई आलं."

"मला काय ठाऊक आप्पा. मी ॲप उघडलं, त्यानं सांगितलं सिस्टीम जुनी हाय, नवी घ्या. मी व्हय म्हणून दाबलं. मग हे आलं."

"नुसतं व्हय म्हणून दाबलंस? आधी वाचलं न्हाईस?"

"वाचून काय कळतंय का."

"तसंच न वाचता सही करतात मान्सं."

काय झालंय ते माझ्या लक्षात आलं. फोनची भाषा मराठी मीच करून दिली होती, आईला आणि पप्पांना वाचता यावं म्हणून. इंग्रजीत ते वाक्य आलं असतं तर कुणी ढुंकून बघितलं नसतं. मराठीत 'फेरफार' आलं, आणि आमच्या गावात त्या शब्दाचा एकच अर्थ आहे. सातबाऱ्यावरचं नाव बदलणं. आजोबा गेल्यावर वारसाची नोंद लागायला किती हेलपाटे झाले होते, ते सगळ्या घराला पाठ आहे.

"उद्या सुट्टी टाक," आप्पा म्हणाले. "सकाळी तलाठी भाऊसाहेबांकडं जाऊ. आन् मला खरं सांग, तू कुणाला अंगठा, सही, ओटीपी काय दिलाईस का?"

पप्पांनी मान हलवून नाही म्हटलं. आप्पांना त्यांचा संशय येतोय, हे त्यांना कळलं होतं. मी आत गेले, माठातलं पाणी प्यायले, पुन्हा बाहेर आले. तिथे उभी राहिले. असं बोलायला सुरुवात कशी करतात मला खरंच माहीत नव्हतं.

"आप्पा," मी म्हणाले, "तो फेरफार मी केलाय."

आप्पांनी चष्मा काढला. "तू? तुझं तर अजून नाव बी न्हाई उताऱ्यावर."

आई हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही.

"जमिनीचा नाही. फोनचा. दिवाळीआधी मी फोन रूट केला."

"रूट?" पप्पा म्हणाले. "न्हावऱ्याचा?"

मग मी खाली बसले आणि सांगितलं. किल्लीचं, काढून टाकलेल्या ॲपचं, लॅबमध्ये गुपचूप केल्याचं. काळ्या पडद्यावरच्या सूचनेचंही सांगितलं, आणि ती तशीच नसते हेही. ते सांगताना मी पप्पांकडे बघितलं नाही. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी फोनवर मालकी हक्क लावून घेतलास."

"हो."

"आन् परवानगी कुणाची घेतलीस?"

"कुणाचीच नाही."

"मग अडकणारच की," आप्पा म्हणाले आणि उतारे गोळा करायला लागले. त्यांना हायसं वाटलं होतं. जमीन जागेवर होती.

पप्पांना वाटलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "सोमवारपर्यंत व्हईल का?"

"होईल," मी म्हणाले. होईल की नाही मला माहीत नव्हतं. पण दुसऱ्यांदा 'तसंच असतं' म्हणण्यासारखं मला ते वाटलं नाही. या वेळी मी ते करणार होते.

"उद्या फोन तू घेऊन जा," पप्पा म्हणाले. "मी राहीन फोनबिगर. कंपनीत गेल्यावर फोन कपाटातच ठेवायचा असतो."

केडगावच्या मोबाइल दुकानात दाखवावा, असं आईने सुचवलं. मी नको म्हणाले. दुकानदार काय करेल ते मला दिसणार नाही, आणि झालं नाही तर कुठे चुकलं हेही कळणार नाही.

गुरुवारी कॉलेजात मधल्या सुट्टीत मी दोन गोष्टी केल्या. रूटच्या ॲपमध्येच 'पूर्ववत करा' असं होतं, ते केलं. किल्ली परत गेली, पण अपडेट पुन्हा अडलं. मग मी फोन कंपनीच्या संकेतस्थळावरून सगळ्यात नवीन अपडेटची फाइल उतरवून ती थेट चढवायचा प्रयत्न केला. अर्ध्यावर जाऊन तीही थांबली. का, ते मला समजेना. आता फोनवर माझी मालकी नव्हती, तरी तो आपला म्हणून कुणी घेत नव्हतं.

संध्याकाळी आप्पा आले होते. "काय म्हणतोय फेरफार?"

मी जे झालं ते सांगितलं. त्यांना कळेल म्हणून नाही, कुणालातरी सांगावं म्हणून.

आप्पा म्हणाले, "तुला सांगतो. चुकीची नोंद झाली ना, तर ती नुसती खोडून भागत न्हाई. आधी ती रद्द. मग उतारा, नोंदीच्या आधी जसा व्हता तसा पूर्ण पूर्ववत. एक नाव इकडचं तिकडं राहिलं तरी चालत न्हाई. मग पुढच्या नोंदी. त्या बी नंबरानं. मधला नंबर मंजूर झाल्याबिगर पुढचा चढत न्हाई. तू काय केलंस? नोंद रद्द केलीस आन् एकदम शेवटचा नंबर चढवायला गेलीस."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले.

अपडेट म्हणजे पूर्ण नवी सिस्टीम नसते. जुन्या सिस्टीमच्या कोणत्या तुकड्यात काय बदलायचं, एवढंच त्यात असतं. बदलायच्या आधी ते प्रत्येक तुकडा मुळाशी ताडून बघतं. मी किल्ली परत दिली होती, पण काढून टाकलेली ॲप कुठे परत ठेवली होती? उतारा पूर्ववत झालाच नव्हता. शिवाय मधली दोन अपडेट फोनने कधी घेतलीच नव्हती. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही असतं.

"आप्पा, तुम्हाला हे कसं माहीत?"

"बारा हेलपाटे घातलेत राहूला, वारसाच्या नोंदीपायी," ते म्हणाले. "तुमच्या कॉलेजात हेलपाटे घालाय लावत न्हाईत, म्हणून कळत न्हाई."

रात्री झोपायच्या आधी मी वहीत क्रम लिहून काढला. त्यातली पहिली ओळ होती 'मॅडमना सांगणे'. ती लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शुक्रवारी मॅडमना सांगितलं. त्या हजेरीपत्रक भरत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे तू आपल्या पीसीवर केलंस?"

"हो मॅडम."

"विचारलं का नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"म्हणालेच असते." त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. मला वाटलं आता प्राचार्यांकडे नेतील. "उद्या शनिवार. अकरा वाजता लॅब उघडते. यूपीएस आहे, लाइट गेली तरी हरकत नाही. पण मी हात लावणार नाही. शेजारी बसेन. करायचं तूच."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही फोनमधली नावं वहीत उतरवली, कारण सगळं पुसलं जाणार होतं. पप्पा वाचत होते, मी लिहीत होते. 'फिटर दोन', 'बोअरवाला नवा', 'बोअरवाला खोटा', 'पाव्हणं केडगाव', 'बस डायवर', 'बस डायवर बदली'. आई म्हणाली, "मी कुठल्या नावानं हाय?" पप्पांनी पान उलटल्यासारखा पडदा घाईने वर सरकवला. आईने तो खाली ओढला. ती 'घर' या नावाने होती. तिने चहा पुन्हा टाकला.

शनिवारी मॅडमनी मला मॉडेलचा क्रमांक दोनदा मोठ्याने वाचायला लावला, एकदा फोनच्या आतून आणि एकदा खोक्यावरून. एका अक्षराचा फरक असेल तर दुसऱ्या देशासाठीची सिस्टीम चढते आणि सिम चालत नाही. मी उतरवलेली मूळ सिस्टीमची फाइल एका अक्षराने वेगळी निघाली. मी ती पुसली आणि बरोबर असलेली शोधली. त्यात दीड तास गेला.

"काही कंपन्यांच्या फोनमध्ये कुलूप उघडलं की आत एक फ्यूज कायमचा जातो," मॅडम म्हणाल्या. "मग काहीही केलं तरी फोन पुन्हा अधिकृत होत नाही. हा तसला आहे का?"

"नाही. मी काल तपासलं."

"काल? करायच्या आधी नाही?"

मी वहीतली पुढची ओळ काढली.

मूळ सिस्टीम चढायला फार वेळ लागला नाही, पण त्या वेळात मी केबलकडे सोडून कुठेही बघितलं नाही. फोन सुरू झाला. काढलेली सगळी ॲप परत आली, ते खेळही. माझा हात कुलूप लावायच्या आज्ञेकडे गेला, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "थांब. कशाची खात्री करायची राहिली?"

कुलूप लावायच्या आधी सिस्टीम पूर्ण मूळची आहे याची खात्री करावी लागते. एक तुकडा जरी बाहेरचा असला आणि कुलूप लावलं, तर फोन पुन्हा सुरूच होत नाही. मी आवृत्तीचा क्रमांक वहीतल्या क्रमांकाशी ताडून बघितला. एकेक अंक बोटाने. मग कुलूप लावलं. फोनने पुन्हा एकदा सगळं पुसलं आणि तो सुरू झाला. काळ्या पडद्यावरची सूचना आली नाही.

मॅडमनी हजेरीपत्रक पुन्हा पुढे ओढलं. "पुढच्या वेळी येऊन विचार. मी नाही म्हणेन, मग तू का ते विचार. त्यातून शिकशील."

रविवारी दुपारी अपडेट घ्यायला बसलो. आमच्या घरात नेट नीट येत नाही, म्हणून पाण्याच्या टाकीजवळ, लिंबाखाली. आप्पा आपणहून खुर्ची घेऊन आले.

"कितवा नंबर?"

"पहिला."

"मंजूर झाला का?"

"होतोय."

पहिलं अपडेट चढलं. दुसरं मध्येच थांबलं आणि बराच वेळ पट्टी हललीच नाही. पप्पा उठले, उसाच्या कडेपर्यंत जाऊन आले, पुन्हा बसले. मला एकदा वाटलं बंद करून परत सुरू करावा. नाही केला. गेल्या वेळी प्रत्येक ठिकाणी मी घाई केली होती. आप्पा म्हणाले, "मंजुरी देणारा मंडल अधिकारी जेवाय गेला असंल." पट्टी हलली. दुसरं झालं. मग तिसरं.

पडद्यावर ओळ आली. आप्पांनी ती अडखळत वाचली, "आपली सिस्टीम अद्ययावत आहे." मग खाली बघितलं. "शिक्का न्हाई कुठं."

"शिक्का नसतो आप्पा."

"मग उद्या गेटवर काय दाखवणार?"

त्यांचं बरोबर होतं. ॲप चालू झालं, त्याने पप्पांचा चेहराही घेतला, पण पुढे लिहून आलं की नोंदणी कामाच्या ठिकाणी पहिल्या हजेरीला पक्की होईल. म्हणजे सोमवारपर्यंत कुणालाच काही कळणार नव्हतं. फोन आता पुन्हा पहिल्यासारखा हळू झाला होता. पप्पांना मी ते सांगितलं, आणि यावेळी सांगताना त्यांच्याकडे बघितलं. आतली ॲप निघणार नाहीत, फक्त बंद करता येतील. पुन्हा किल्ली घ्यायची तर आधी तुम्हाला विचारीन, आणि घेतली तर अपडेट मिळणार नाही.

"मला फोन वाजला की कळतंय तेवढं बास," ते म्हणाले. "कुणाचा हाय ते उचलल्यावर कळंलच."

एक गोष्ट मात्र खरी सांगते. आपल्या वस्तूची किल्ली आपल्याकडे असावी, हे मला अजूनही वाटतं. त्यात माझी चूक झाली असं वाटत नाही. फोन पप्पांचा होता आणि ठरवलं मी, ही चूक होती.

सोमवारी पप्पा नेहमीसारखे पहाटे गेले. मी पुलाच्या फाट्यावर सातच्या एसटीची वाट बघत उभी होते. पहिली पाळी सातला सुरू होते. सातला पाच मिनिटं कमी असताना आईच्या साध्या फोनवर, तो त्या दिवशी मी मुद्दाम बरोबर घेतला होता, पप्पांचा फोन आला.

"हजेरी लागली," ते म्हणाले.

"हिरवी खूण आली?"

"आली. तोंड वळवाय लावलं दोनदा, मग आली." मागे गेटची गडबड ऐकू येत होती. मला वाटलं ते ठेवतील. ठेवला नाही. आवाज जरा खाली आणला. "ऐक. माझ्या लायनीतला एक जण बाहेर उभा हाय. त्याच्या फोनवर बी तेच आलंय, फेरफार. चाकणच्या दुकानात करून घेतला व्हता म्हणं. सुपरवायझरनं त्याला शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. तो इचारतोय, नवीन फाइल टाकू का म्हणून."

एसटी वळणावर दिसायला लागली होती. मी पिशवी खांद्याला लावली.

"त्यांना म्हणा काहीच दाबू नका," मी म्हणाले. "फोन जसा आहे तसा राहू द्या. दुकानात काय काय काढलं ते आठवून कागदावर लिहायला सांगा. खोकं असलं तर तेही हवं. मी मॅडमना विचारते, बुधवारी लॅब मोकळी आहे का."

"करशील ना?"

"आधी बघीन," मी म्हणाले. "झालं तर हो म्हणेन."